माईंच्या आवाजाखाली

गार्गी असलकर ही मुलगी दगड वाचते. तिला पगार त्याचाच मिळतो. कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत ती सह्याद्रीच्या काळ्या दगडाचे तुकडे कापते आणि तो दगड लाव्हा होता, थंड होत होता, तेव्हा उत्तर दिशा नेमकी कुठं होती हे सांगते. पण त्या गुरुवारी ती इचलकरंजीला आमच्या घरी आली ती दगडासाठी नव्हे. तिच्या काळ्या टी-शर्टवर पाठभर पांढऱ्या अक्षरांत 'उपद्व्याप' लिहिलेलं होतं. दारातच तिनं वाकून माझ्या भावाच्या पायांना हात लावला. तो पाय मागं घेत होता तरी लावला.

"अगं, मी काय देव आहे का?" प्रल्हाद म्हणाला.

"आमच्यासाठी आहातच की, सर."

"अक्का, ऐकलंस का? देवघरात जागा कर आता माझ्यासाठी."

प्रल्हाद माझा धाकटा भाऊ. एकाहत्तर वर्षांचा. त्याची बायको गेल्यापासून तो वरच्या मजल्यावर एकटा राहतो आणि जेवायला खाली माझ्याकडे येतो. मी लग्न केलं नाही. गोदामाईंच्या मठात सेवा केली, आणि पाय थकले तशी इथं आले. घर प्रल्हादच्या नावावर आहे.

'उपद्व्याप' हा त्याचा बँड. हे नाव आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या तोंडचं. "काय उपद्व्याप चाललाय हा?" असं ते आमच्या यंत्रमागांच्या शेडच्या दारातून रोज विचारायचे. चौघं पोरं होती. अन्वर मुजावर गायचा, प्रल्हाद ड्रम वाजवायचा. अन्वर एकतिसाव्या वर्षी अपघातात गेला आणि बँड थांबला. त्यांचे जेमतेम दोन अल्बम निघाले. पण आज, २०४१ सालात, जी पोरं तेव्हा जन्मालाही आली नव्हती ती ही गाणी पाठ म्हणतात. स्वतःला 'उपद्व्यापी' म्हणवतात आणि दरवर्षी अन्वरच्या जन्मतारखेला गावात जमतात. आमच्या मठातल्या उत्सवासारखंच असतं ते. भाविकपणा तोच, फक्त आवाज जास्त.

प्रल्हादचे कान लहानपणी मागांनी खाल्ले आणि तरुणपणी ड्रमनं. उजवा पूर्ण गेला. डाव्यात थोडी धुगधुगी आहे. तो चष्मा लावतो, त्याच्या काचेवर समोरच्याचं बोलणं अक्षरांत उमटतं. गाणं लागलं तर काचेवर एकच शब्द येतो, 'संगीत'. पुढं काही नाही. दसऱ्यानंतरच्या सोमवारी त्याच्या डाव्या कानात शस्त्रक्रियेनं यंत्र बसवायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बोलणं चांगलं कळेल, पण आत्ता जे थोडं स्वतःच्या कानानं ऐकू येतं ते जाईल, आणि गाणं पूर्वीसारखं पुन्हा वाटणार नाही.

"म्हणूनच घाई आहे," गार्गी म्हणाली. "सर, तुमच्या सुरुवातीच्या कॅसेटी शोधतोय आम्ही. शेडमध्ये रेकॉर्ड केलेल्या."

"पहिली अप्पांनी बंबात घातली. बाकीच्यांवर कुणी लग्नातली सनई भरली, कुणी भाषणं. काय शोधणार तू?"

"सनईच्या खालचं."

मी चहा ओतत होते. कप भरून बशीत सांडला.

मग तिनं समजावून सांगितलं. कॅसेटच्या फितीवर चुंबकाच्या बारीक सुया असतात, कोट्यवधी. आवाज भरला की त्या ठरावीक दिशांना वळतात. वर दुसरा आवाज भरला की नव्या दिशांना वळतात. पण सगळ्या नाही. काही सुया हट्टी असतात, त्या जुन्याच दिशेला तोंड करून बसतात. दगडातही असंच. मूळ दिशेवर नंतर वीज पडून वगैरे दुसरं चुंबकत्व चढतं. दगड वाचणारी माणसं मग उलटसुलट फिरणाऱ्या चुंबकीय बलानं तो दगड हळूहळू 'धुतात'. मऊ सुया विस्कटून जातात, हट्टी राहतात, आणि मूळ दिशा दिसते.

"कापड धुतलं तरी धाग्यात खळ राहते, तसं," मी हळूच म्हणाले. आम्ही मागवाल्यांची माणसं.

"अगदी तसंच, आजी! फक्त आम्हाला कापड नकोय, खळ हवीय. उरलेला आवाज अगदी क्षीण असतो. तो ऐकायला हिऱ्याची एक चकती आहे आमच्याकडे. त्या हिऱ्यात मुद्दाम खोट ठेवलेली असते, मधले काही अणू काढून टाकलेले. त्या रिकाम्या जागेला सुईएवढं चुंबकत्वही कळतं."

"आणि वरचा आवाज?" मी विचारलं.

"आधी उतरवून घेतो. पण फितीवरून तो जातो. कायमचा."

ती निघाली तेव्हा प्रल्हाद वर गेला होता. मी देवघरातून लाल कापडात गुंडाळलेली कॅसेट आणली आणि फाटकाशी तिच्या हातात ठेवली.

"नाव सांगू नकोस कुणाला."

"नावाची गरजच नाही, आजी. बरीच जणं तशीच देतात. काय आहे हिच्यावर?"

"गोदामाईंचं शेवटचं निरूपण," मी म्हणाले. "आणि खाली काय आहे ते तू बघ."

खाली काय आहे ते मला बावन्न वर्षं माहीत होतं.

एकोणनव्वद साली अप्पांच्या शेडमध्ये आठ माग होते. बँडची तालीम माग चालू असतानाच व्हायची, म्हणजे गल्लीला ऐकू जात नसे. घरात कॅसेटप्लेअर एकच. अप्पांच्या हाती आपल्या कॅसेटी लागू नयेत म्हणून प्रल्हादनं एक युक्ती केली होती. मला ती नंतर कळली. तो त्यांवर देवाधर्माची नावं लिहायचा. ज्या कॅसेटवर त्यांची पहिली सहा गाणी होती, जी अन्वरचा मामा मुंबईला एका कंपनीत घेऊन जाणार होता, तिच्यावर त्यानं सुबक अक्षरात लिहिलं होतं 'भूपाळ्या'.

त्याच आठवड्यात मठातून निरोप आला, माई आज शेवटचं बोलणार आहेत. त्यांची तब्येत खालावली होती. दुकानं बंद. कोरी कॅसेट नाही. मी फळीवरून 'भूपाळ्या' उचलली. मनात आलं, भूपाळ्या मला पाठ आहेत. देवाच्या वाणीवर देवाचीच वाणी, त्यात दोष नाही. पुसू नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन दाते कुणीतरी मोडले होते. तरी मी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली. लावून बघायचंसुद्धा सुचलं नाही. ज्याला भूपाळ्या पाठ आहेत तो त्या कशाला लावून बघेल?

तिसऱ्या दिवशी 'भूपाळ्या' लिहिलेली आपली कॅसेट शोधत प्रल्हादनं घर उलटंपालटं केलं. मी चुलीपाशी उभी होते, आणि माझा चेहरा अप्पांनी पाहिला.

"ती व्हय?" अप्पा म्हणाले. "ती मी बंबात घातली. काय करतोस?"

प्रल्हादनं त्याच संध्याकाळी घर सोडलं. अप्पांनी मला शेडमागं नेलं, स्वतःच्या डोक्यावर माझा हात ठेवायला लावला आणि शपथ घातली, मी असो नसो, हे त्याला सांगायचं नाही. नऊ वर्षांनी अप्पा गेले. मला मठात येऊन भेटणारा प्रल्हाद तेव्हा आला नाही. अग्नी चुलतभावानं दिला.

तेव्हापासून माझा नेम आहे. पहाटे उठायचं, सूर्योदयापर्यंत मौन धरायचं आणि माईंची वाणी ऐकायची. आता फोनवर नक्कल आहे, ती ऐकते. मूळ कॅसेट देवघरात ठेवली होती. माईंची आहे म्हणून ठेवलीय असं मी सगळ्यांना सांगायचे, स्वतःलाही. कॅसेट दिल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नक्कल ऐकताना लक्षात आलं, माईंचा शब्द एकही कमी झालेला नाही. कमी झालं होतं ते झाकण. माईंच्या आवाजाखाली मी माझी चूक लपवून ठेवली होती, आणि वरून फुलं वाहत होते. मी गार्गीला फोन केला. धू म्हटलं.

आठ दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही. "सर, पहिली! पहिलीच कॅसेट! सहाही गाणी!"

प्रल्हादनं दोन वेळा चष्मा पुसून ते वाक्य वाचलं. मग मला म्हणाला, "चल कोल्हापूरला. साडी बदल."

"माझं काय काम तिथं?"

"मला एकट्याला रडायला लाज वाटंल. तू असलीस म्हणजे तुझ्यावर ढकलता येईल."

प्रयोगशाळा म्हणजे शेडएवढंच एक दालन होतं. फळ्यांवर नंबर टाकलेले दगड, मध्ये न्हाणीच्या पिंपासारखं एक यंत्र. गार्गीनं प्रल्हादसाठी मोठे हेडफोन तयार ठेवले होते. त्याला जे खालचे स्वर अजून कळतात ते वाढवून दिले होते. पण प्रल्हाद हेडफोनकडे गेलाच नाही. तो टेबलावरच्या कॅसेटपाशी थांबला.

"हे माझं अक्षर."

त्यानं ती उचलून डोळ्यांजवळ धरली.

"भूपाळ्या! हीच ती. पण ही तर अप्पांनी जाळली." त्यानं कॅसेट उलटीसुलटी केली. "जाळली नव्हती. मग खोटं का बोलले? गार्गी, कुणाच्या घरी मिळाली ही?"

"सर, ज्यांनी दिली त्यांना मी शब्द दिलाय."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे मी किती उपकार मानू! मला गप्प बसता आलं असतं. पण माझा भाऊ ती फीत हातात धरून बावन्न वर्षांनी बापाला पुन्हा दोष देत होता, या वेळी खोटं बोलल्याचा. शपथ अप्पांची होती. पण ती पाळायची म्हणजे अप्पांच्याच नावावर आणखी एक डाग द्यायचा. मी मनात अप्पांची क्षमा मागितली.

"प्रल्हाद, ती मी पुसली," मी म्हणाले. "भूपाळ्या समजून. वर माईंना भरलं. अप्पांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं."

माझा आवाज मुळातच बारीक. घरातली माणसंही "काय?" म्हणून दोनदा विचारतात. पण चष्म्याला हळू आणि मोठं सारखंच. मी प्रल्हादच्या समोर उभी होते, त्यामुळे त्याच्या काचांवरून सरकणारी अक्षरं मला उलटी दिसली. माझंच बोलणं, उलटं. शेवटचं अक्षर पुसलं गेलं तरी तो काचेकडेच बघत होता.

मग त्यानं चष्मा काढला. हेडफोन चढवले. "लाव गं," गार्गीला म्हणाला.

आमच्यासाठी तिनं स्पीकर लावला होता. आधी माग आले. आठ मागांची खटाक-खटाक, धोटा इकडून तिकडं. शेड विकल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. मग गिटार. मग अन्वर, कोवळा, वरच्या सुरात फाटणारा. आणि ड्रम.

देवा, मला संगीतातलं कळत नाही. पण मलाही कळलं की हे काही जमलेलं नाही. ड्रम मागांच्या पुढं पळत होता, गिटार सुरात नव्हती, आणि अन्वर दोघांना गाठायला धापा टाकत होता.

प्रल्हादच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडतोय.

"घाण!" तो ओरडला. हेडफोन लावून बोलत होता, म्हणून जास्तच मोठ्यानं. "किती घाण! गार्गी, ड्रम वाजवतोय का पत्रा ठोकतोय मी?"

"सर, असं काय म्हणता! इतिहास आहे हा!" चष्मा त्याच्या डोळ्यांपुढं धरत ती म्हणाली.

"असला इतिहास पुसलाच पायजे!" तो पोट धरून हसत होता. गार्गीचं तोंड मात्र मखरातला गणपती रंगवायच्या आधी बघितल्यासारखं झालं होतं.

चौथ्या गाण्यात वीज गेली. म्हणजे तिकडे, एकोणनव्वदात. माग एकामागून एक मंदावले आणि थांबले. गिटार मधेच नाहीशी झाली. टेपरेकॉर्डर सेलवर होता, तो चालूच राहिला. त्या एवढ्या मोठ्या शांततेत अन्वर थांबला नाही. आता गाठायला कुणीच नव्हतं. त्याचा आवाज आपल्या पायांनी चालू लागला, आणि प्रल्हादचा ड्रम प्रथमच त्याच्या मागं मागं, हलक्या हातानं गेला. मिनिटभरच. मग कुणीतरी हसलं, माग पुन्हा धडधडले, आणि सगळा गोंधळ परत सुरू झाला.

प्रल्हादचं हसणं थांबलं होतं. "ते मिनिट परत," तो म्हणाला. गार्गीनं पाच वेळा लावलं.

माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. एस.टी.त तो चष्मा खिशात ठेवून खिडकीशी बसला. रात्री जेवायला खाली आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी जिन्याच्या पायरीवर ताट ठेवायची, तसंच उचलून आणायची. चातुर्मासातलं माझं एकभुक्त, पण ते एक जेवणही उतरेना. दुसऱ्या संध्याकाळी मी पिशवीत दोन लुगडी, जपमाळ आणि औषधं भरली. मठात एक खोली रिकामी असते. पंच्याहत्तराव्या वर्षी नव्या जागी झोप लागेल का, एवढाच विचार होता. तक्रार नव्हती. बावन्न वर्षं भाऊ मिळाला होता, तो माझ्या हक्काचा नव्हता.

तिसऱ्या पहाटे मी माईंची वाणी लावून डोळे मिटून बसले होते. जिन्यावर पावलं वाजली. प्रल्हाद देवघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"उठू नको. आणि बोलू नको. तुझं मौन आहे हे बघूनच आलोय. एरवी तू मधे मधे माफी मागत बसशील आणि माझं राहून जाईल."

मी डोळे उघडले.

"पहिल्या दिवशी तुझ्यावर चिडलो. मग अप्पांवर. मग माझ्यावर. काल दुपारी कुणी उरलंच नाही, तर त्या अन्वरच्या मामावर चिडलो. अक्का, ती कॅसेट मुंबईला गेली असती ना, तर त्यांनी दोन मिनिटं ऐकून आम्हाला हाकललं असतं. अन्वर लई मानी. परत तोंड उघडलं नसतं त्यानं. कॅसेट गेली, आम्ही चिडून आणखी दोन वर्षं बडवत बसलो. म्हणून काहीतरी आलं. तेव्हा त्याबद्दल तुझे आभार. मान हलवू नको, मनापासून म्हणतोय."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मौनात तेवढी मुभा असते.

"पण अप्पांचं तसं नाही. त्यांना शेवटचं बघायला मी आलो नाही, हे मला माफ करता येईना. तुला माफ करायला जमतंय का बघतोय. परवा नाही जमलं. काल जरा जमलं. हळूहळू जमंल." मग त्यानं कोपऱ्यात बोट दाखवलं. "आणि ती पिशवी रिकामी कर. काल खिडकीतनं बघितली मी. मठात जाऊन काय करणार, माझी भाकरी कोण थापणार?"

माईंची वाणी संपली. त्यानं फोन काढला आणि गार्गीला लावला. इतक्या पहाटे! तीही बिचारी पहिल्या रिंगला उठली. उपद्व्यापी मंडळाला कॅसेट लोकांपुढं ठेवायची होती, आणि कुणी काय वाजवलं त्याची यादी प्रल्हादकडून हवी होती.

"घे लिहून," तो म्हणाला. "सगळीच्या सगळी ठेवा, घाण आहे ती पण. पोरांना कळू दे. गायन, अन्वर मुजावर. ड्रम, मी. गिटारवाले तुला माहीत आहेत. आणि माग, आमचे अप्पा, निंगाप्पा खारगे." पलीकडून ती काहीतरी म्हणाली, ती अक्षरं त्यानं चष्म्यावर वाचली. "हां, मागच. आठ. आभारात नको टाकू. वाजवणाऱ्यांत टाक. ते चालू ठेवले म्हणून तर आम्ही वाजवू शकलो. पाहिजे तेव्हा बंद करता आले असते की त्यांना."

समोरच्या गच्चीवर ऊन आलं. मी घंटा वाजवली आणि समईला हात जोडले.

"सुटलं मौन?"

"सुटलं," मी म्हणाले.

"मग एक काम कर." त्यानं चष्मा काढून खिशात टाकला. "सोमवारी यंत्र बसलं की सगळ्यांचं बोलणं एकसारखं येणार म्हणे, डब्यातनं आल्यागत. त्याआधी मला या कानानं ऐकायचंय. अप्पा त्या दिवशी शेडमागं तुला काय म्हणाले? शपथ सोड, ती मोडली. का घातली ते सांग." तो उठून माझ्याजवळ बसला आणि डावा कान पुढं केला. "आणि मठातल्यासारखं कुजबुजू नको. ओरड."

मी जन्मात कुणावर ओरडले नव्हते. एकदा म्हणाले, त्याला कळलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, त्यानं मान हलवली. "अजून!"

"अप्पा म्हणाले," मी ओरडले, "माझ्यावर रागावला तर रागावू दे, मी किती दिवसांचा! तुला पुढं त्याच्याच घरात दिवस काढायचेत!"

शेजारच्या हळदकर वहिनींची खिडकी उघडली. "अक्का? अहो, काय झालं? तुमचा आवाज हा?"

"काही नाही, वहिनी! अप्पांचा निरोप द्यायचा राहिला होता!"

"मिळाला का?"

मी तेच प्रल्हादला ओरडून विचारलं. त्यानं डोळे पुसले नाहीत, नुसता कान आणखी जवळ आणला. "अर्धाच," तो म्हणाला. "पुन्हा सांग. पहिल्यापासून."

या म्हाताऱ्या घशात एवढा आवाज शिल्लक ठेवल्याबद्दल मी देवाला मनात हात जोडले, आणि पुन्हा ओरडले.